बारा कलमं आणि एक राहिलेलं

दसऱ्याला सांगलीला येणार नाही, शाळेच्या गावी माणसं कशी मारायची त्याचे नियम लिहायचे आहेत, असं मी घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातातलं पाणी गाळायचं फडकं हातातच राहिलं. "अगं, आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं," ती म्हणाली, "आणि तू मास्तरीण झालीस ती ह्यासाठी?" वडील हळदीचे व्यापारी आणि बोलायला महाकंजूस. त्यांनी चष्मा वर केला. "खोटंखोटंच मारणार आहेत ना? मग नेमानं मारा म्हणजे झालं." एवढ्या परवानगीवर मी परत एसटीत बसले.

साल चौऱ्याहत्तर. मी तेवीस वर्षांची होते आणि वडूजपासून दीड-दोन तासांच्या चालीवर असलेल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. खालच्या आळीत खोली घेतली होती. दिवस मावळायच्या आत जेवणारी बाई म्हणून गावाने आधी माझी गंमत केली, मग माझी सवय करून घेतली. स्वभावाने मी तेव्हाही तापटच होते. पाटीवर रेघ वाकडी आली तरी माझं डोकं फिरायचं, आणि वळणदार अक्षराचा मला जरा जास्तच गर्व होता. हवालदार माझ्याकडे आले ते त्या अक्षरासाठीच.

त्या गावात दसऱ्याला एक लढाई व्हायची. पालखी शिलंगणाला निघायच्या आधी, भर दुपारी, गावाबाहेरच्या माळावर वरची आळी आणि खालची आळी समोरासमोर उभ्या राहायच्या. हातात सणकाड्या, म्हणजे अंबाडीची साल सोलून घेतल्यावर उरणाऱ्या पांढऱ्या, हलक्या काड्या. ढाल म्हणून जुनी सुपं. जी आळी जिंकेल तिच्या खांद्यावर पालखीचा पुढचा दांडा. सणकाडी जोरात लागली तरी मोडते, माणूस मोडत नाही. तरीही मी यायच्या आधीच्या वर्षी एकाचं डोकं फुटलं होतं आणि दुसऱ्याचा दात गेला होता. कारण साधं होतं. मार लागला म्हणून कुणी कबूलच होईना. अंगावर सगळीकडे गुलाल, त्यात वार कुठला आणि गुलाल कुठला कळायचं कसं? कोण मेला हे ठरवण्यावरूनच खरी मारामारी झाली. पुढे वर्षभर वरची आळी दळणसुद्धा खालच्या आळीतल्या गिरणीत न देता शेजारच्या गावी नेत होती.

पोलीस पाटलांनी मग बजावून ठेवलं होतं, "औंदा येक जरी डोकं फुटलं, तर शिलंगणाची लढाई कायमची बंद. मग माझ्या दारात कुनी यायचं न्हाई."

ही लढाई बंद पडू नये म्हणून गावात एकच माणूस जिवाचं रान करत होता, तो म्हणजे हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत डाव्या हाताची दोन बोटं गेली, पुढे पलटणीतून सुटून ते घरी आले. वरच्या आळीतले, पन्नाशीला टेकलेले, एकटे. पहाटे उठून अंगण झाडायचे आणि झाडलेल्या अंगणात दिवसभर कुणी पाय ठेवला नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडायचे. एका रविवारी ते शाळेच्या व्हरांड्यात आले, पायरीवर टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय आसं समदं गाव म्हनतंय. मला कलमं लिवून पायजेत."

"कसली कलमं?"

"मरायची."

मी हसले. ते हसले नाहीत. सैन्यात सरावाची लढाई होते, त्यात दंडाला पांढरी पट्टी बांधलेला पंच असतो, त्याने 'तू मेलास' म्हटलं की भला दांडगा जवानही मुकाट्याने आडवा होतो, हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी विचारलं, "एवढी कशाला पडली आहे तुम्हाला ह्या लढाईची?" "बाई, वर्सातनं येक डाव तरी मानसं मरून परत घरला जेवाय गेलेली बगायची हायेत मला," एवढंच म्हणाले. मला ते बोलणं तेव्हा विनोदी वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर आमची बैठक बसू लागली. दोन्ही आळ्यांचे म्होरके यायचे. वरच्या आळीचा पैलवान, दुधाचा धंदा करणारा, दारातून आत येताना खांदे तिरके करून येणारा माणूस. खालच्या आळीचा शिंपी, अंगाने सणकाडीसारखाच, पण जीभ कात्रीची. मी वही घेऊन बसायचे, हवालदार मधे उभे.

गुलालाचा घोळ पहिल्याच दिवशी मिटला. काडीच्या टोकाला चिंधी बांधायची, ती कपड्याच्या निळीत बुडवायची. दसऱ्याला गावात लाल असतं, पिवळं असतं, निळं काही नसतं. मग कलमं भराभर झाली. हाताला नीळ लागली तर तो हात पाठीमागे. पायाला लागली तर गुडघा टेकून लढायचं. छाती, पोट, पाठ म्हणजे मरण. डोक्यावर मारेल तो स्वतःच मेला. मेलेल्याने जागच्या जागी बसायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत.

कलमं लिहिणं सोपं होतं. अर्थ लावताना मात्र घाम फुटायचा. शिंप्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, "सदऱ्याला लागली तर? सदरा काय अंग न्हवं." पैलवान म्हणाला, "मग उगडं लडायचं का?" हवालदार म्हणाले, "वर्दी म्हंजे अंग. अंगात हाय ते अंगच." मी लिहिलं. शिंपी गप्प बसणारा नव्हता. "आन् सूप?" "सूप हातात हाय, अंगात न्हाई. सुपाला लागलं ते सुपाचं मरान." व्हरांड्याच्या कडेला उभ्या राहून ऐकणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "सुपाचं मरान आमच्या जिवावर. धान काय तुमच्या फेट्यात पाकडू?" त्या दिवसापासून गावातली चांगली सुपं माळ्यावर जाऊन लपली.

पण खरी अक्कल दिसली ती तालमीच्या दिवशी. आठ-दहा जणांना घेऊन शाळेच्या पटांगणातच लढवून बघितलं. एकाचा उजवा हात गेला, म्हणून त्याने तो कलमाप्रमाणे पाठीमागे घेतला. तेवढ्यात मागून कुणीतरी वार केला, तो त्या पाठीमागच्या हातावर बसला. आता काय? हा म्हणे, हात आधीच मेलेला आहे, मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही, मी जिवंत. गडी मेलेल्या हाताची ढाल करून पाठ वाचवत होता! मी वही चाळली. कलमात काहीच नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

हवालदारांनी वहीकडे बघितलंही नाही. त्या माणसाजवळ गेले आणि शांतपणे विचारलं, "गड्या, त्यो हात गेलेला हाय. न्हाईच हाय म्हन. मग वार कुटं बसला आसता?"

तो जरा घुटमळला. "पाठीत," म्हणाला, आणि खाली बसला.

मग हवालदार सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पंचाला समदं दिसत न्हाई. लागलेलं ज्येचं त्येला कळतं. पंचानं निस्तं नीट इचारायचं." मी शाळेत हस्तकलेपासून भूगोलापर्यंत सगळं शिकवत होते, पण इतक्या थोडक्यात न्याय कसा करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला त्या माणसाचा इतका आदर वाटला की घरी पत्र लिहिताना मी दोन पानं त्यांच्यावरच घालवली. आईने उत्तरात एवढंच विचारलं, हवालदार काय जेवतात.

शेवटच्या बैठकीत सरपंचांच्या भावाने पिल्लू सोडलं, "आमी मानपानाची मानसं मदी हुबी ऱ्हानार. आमाला चुकून लागलं तर आमी बी मरायचं का?" हवालदार म्हणाले, "माळावर पाय टाकला त्येला कायदा लागू. सरपंच आसू दे न्हाई तर मी आसू दे." ते बारावं कलम झालं. मी खाली रेघ मारली.

"आजून येक ऱ्हायलं, बाई," हवालदार म्हणाले. "लडाई सरली की पंचानं माळभर फिरायचं आन् मेलेल्या परत्येकाच्या खांद्याला हात लावून त्येला उटवायचं. निस्तं वरडून न्हाई. हात लावून. ह्ये लिवा."

"अहो, खेळ संपला की उठतीलच की माणसं," मी म्हणाले. "त्यात काय लिहायचं?" रेघ मारून झाली होती आणि तिच्या खाली लिहिणं मला विद्रूप वाटत होतं. खरं कारण एवढंच होतं. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि "बरं," म्हणाले.

दसऱ्याच्या दुपारी माळावर सगळं गाव लोटलं. पोलीस पाटील खुर्ची टाकून बसले होते, चेहऱ्यावर 'बघतोच आता' असा भाव. हवालदारांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता, दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. मी वही घेऊन त्यांच्या मागे चार पावलांवर. शिट्टी वाजली आणि दोन्ही बाजूंनी असा गलका उठला की माझ्या हातातली पेन्सिल पडली.

ती लढाई कशी चालली ते आठवलं की अजून ऊर भरून येतो. वर्षभर एका गिरणीत दळणसुद्धा न टाकणारी ही माणसं, पण नीळ लागली की मुकाट हात मागे घेत होती, गुडघे टेकत होती, मरत होती. गेल्या वर्षी दात गेलेला माणूस पोटावर निळा डाग बघून स्वतःहून बसला आणि मारणाऱ्याकडे बघून दाताची खिंड दाखवत हसला. हवालदार सगळीकडे होते. "लागलं का रं?" "कुटं?" एवढे दोनच प्रश्न त्यांच्या तोंडी. कुणावर ओरडणं नाही, कुणाला हात धरून बसवणं नाही.

होता होता दोन्हीकडचे मोजके उरले. हवालदार एका चकमकीत वाकून बघत होते, तेवढ्यात एक काडी कडकन मोडली. तिचं टोक चिंधीसकट उडालं आणि थाडकन हवालदारांच्या छातीवर बसलं. पांढऱ्या सदऱ्यावर तळहाताएवढा निळा डाग.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "पंचाला कशाचं आलंय मरान!" हवालदारांनी खाली मान घालून डागाकडे बघितलं. मग गळ्यातली शिट्टी काढून जमिनीवर ठेवली, मांडी घातली आणि पाठ ताठ ठेवून बसले. मला वाटलं, गंमत करताहेत. मी जवळ गेले, "अहो हवालदार, उठा, लोक थांबलेत," म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेलेल्याने बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, हे मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

आता माळावर कायदा जाणणारी मी एकटी उरले. पाटलांनी खुर्चीतून मान उंचावली. मी शिट्टी उचलली. मी जन्मात कधी शिट्टी वाजवली नव्हती. पहिल्यांदा नुसती हवा गेली, दुसऱ्यांदा आवाज आला.

थोड्याच वेळात पैलवान आणि शिंपी, दोघेच राहिले. पैलवान धडधाकट. शिंप्याचा उजवा हात गेलेला, एक गुडघा टेकलेला, डाव्या हातात काडी, सुपाचा नुसता सांगाडा. पैलवान वाकून वार करायला आला, शिंप्याने बसल्या जागेवरून काडी वर फेकल्यासारखी मारली. पैलवानाने सणासाठी नवा फेटा बांधला होता, त्याचा लांब शेमला पुढे लोंबत होता. त्या शेमल्यावर निळा पट्टा उमटला.

"मेला!" खालची आळी ओरडली. "कापडाला लागलं!" वरची आळी ओरडली. "सदरा अंग, मग शेमला काय परका हाय?" "शेमला लोंबतोय, सुपासारखा हाय त्यो!" दोन्ही बाजू खरोखरच बरोबर बोलत होत्या, आणि माझ्या बारा कलमांत शेमला नव्हता. मागची माणसं पुढे सरकू लागली. काहींच्या हातात आता सणकाड्या नव्हत्या, खऱ्या काठ्या होत्या. पाटील खुर्चीवरून उठले. त्यात मी खालच्या आळीत राहणारी. शिंप्याच्या बाजूने बोलले तर वरची आळी काय म्हणेल ते उघड होतं.

मी हवालदारांकडे बघितलं. एक पापणी हलवली असती तरी मला पुरलं असतं. ते समोर बघत मेलेले राहिले. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच क्षणी कळलं की ते मला सांगायचं ते केव्हाच सांगून बसले आहेत.

मी पैलवानासमोर जाऊन उभी राहिले. माझं डोकं त्याच्या छातीलाही पोचत नव्हतं. "पैलवान," मी म्हणाले, "शेमला नाहीच असं धरा. मग वार कुठं बसला असता?"

पैलवानाने आपल्या आळीकडे बघितलं. त्याचे भाऊ होते तिथे, म्हातारे वडील होते. हवेत बसला असता म्हणाला असता तर खोटं पाडणारं कुणी नव्हतं. शेमला बाजूला उडाला होता की छातीवर होता, हे आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. त्याने छातीवर डाव्या बाजूला हात ठेवला, जिथे लागलं होतं तिथे.

"हितं," तो म्हणाला. "चांगला बसलाय, बाई." आणि तो धिप्पाड माणूस मांडी घालून खाली बसला.

मी पुढे पुष्कळ मोठी माणसं बघितली, पदक मिळवलेली, हार घातलेली. पण त्या दुपारी पैलवान बसला तसं मोठेपणाने बसलेलं मी कुणाला बघितलं नाही. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी खाकरून सांगितलं, "बसला म्हंजे बसला. चला." काठ्या खाली झाल्या. शिंपी रडत होता. हलगी सुरू झाली, खालच्या आळीने शिंप्याला उचललं, मेलेले धडपडत उठले आणि जिवंतांच्या मागे धावले. पैलवानही उठला आणि शिंप्याला त्यानेच खांद्यावर घेतलं. पाटलांनी आपली खुर्ची आपणच उचलली आणि जाता जाता मला म्हणाले, "फुडल्या वर्सी बी तुमीच लिवा."

ही शाबासकी कधी एकदा हवालदारांना सांगते असं मला झालं. पालखीजवळ बघितलं, ते नव्हते. वरच्या आळीच्या घोळक्यात नव्हते. मागे वळून बघितलं तर रिकाम्या माळावर, मोडक्या काड्या आणि फाटक्या सुपांच्या मधे, ते तसेच बसले होते. मांडी घातलेली, पाठ ताठ, तोंड समोर.

"हवालदार, झालं की हो! चला," मी धापा टाकत म्हणाले. ते हलले नाहीत. ऊन लागलं की काय म्हणून मी घाबरले. वाकून बघितलं तर डोळे उघडे होते आणि गालावरून पाणी चाललं होतं.

तेव्हा मला रेघेखाली न लिहिलेलं कलम आठवलं.

परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, तो उघड्या माळावर, सणाच्या दिवशी, हे आमच्यासारख्या घरातल्या मुलीला तेव्हा सोपं नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा," मी म्हणाले.

ते लगेच उठले. धोतराची माती झटकली, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तितं बी मी आसाच फिरलो हुतो, बाई. चौघं हुती आमची. परत्येकाच्या खांद्याला हात लावून म्हनलं, ऊठ गड्या, सरलं. येक बी उटला न्हाई."

मी वही उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या, पेन्सिलीने, माझ्या त्या सुबक रेघेच्या खाली तेरावं कलम लिहिलं. अक्षर फार वाईट आलं. मग ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "आता बराबर हाय," म्हणाले, आणि शिट्टी परत घ्यायला हात पुढे केला.